सुरंग घोडी, काळा घोडा आणि कुमैत शिंगरू

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. सुरंग, म्हणजे सगळी तांबडी, मारवाडी घोडी काळ्याभोर घोड्याला लावली, शिंगरू झालं कुमैत, म्हणजे अंग तांबडं पण आयाळ, शेपूट, पाय काळे, आणि आता घोडेवाला म्हणतो, "हे माझ्या घोड्याचं नाही, कागदावर सही करणार नाही." कारण फक्त रंगाचं देत असेल तर त्याचं म्हणणं टिकत नाही. मी पशुवैद्य नाही, घरात घोडी पाळणारा माणूस आहे, तेव्हा हे डॉक्टरांकडून पडताळून घ्या.

घोड्याच्या अंगावर मूळ रंगद्रव्यं दोनच, काळं आणि तांबडं. तुमच्या घोडीला केसात काळं करताच येत नाही, म्हणून ती आयाळ-शेपटीसकट तांबडी. काळं आयाळ, शेपूट आणि पायांपुरतं रोखून धरणारं जनुक वेगळं, त्याला अगूटी म्हणतात. ते तिच्यात असलं तरी दिसणार कसं? रोखायला अंगावर काळं तर हवं! घोड्याचं उलट आहे. त्याच्याकडे काळं आहे, अगूटी नाही. शिंगराला बापाचं काळं आणि आईचं अगूटी मिळालं की झालं कुमैत. याच घोडीला आधी दुसऱ्या एखाद्या काळ्या घोड्यापासून कुमैत शिंगरू झालेलं असेल तर ते घोडेवाल्याला आवर्जून सांगा.

रंगावरून ठाम नाही म्हणता येतं ते दुसऱ्या जोड्यांत. आईबाप दोघंही सुरंग असतील तर पोटी कुमैत किंवा काळं येत नाही. दोघांत एकही सबजा, म्हणजे वयाबरोबर पांढरा पडत जाणारा, नसेल तर सबजा येत नाही. पण रंग जुळला म्हणून बाप ठरला असं कधीच नसतं. पंचक्रोशीत काळे घोडे काय एकच असतात?

आता आमचं. घोडी कुमैत, घोडा काळा. नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचा माणूस आला तेव्हा शिंगरू काही आठवड्यांचं होतं, अंगावर उंदरासारखी राखाडी लव, पोटाखाली आणि पायांवर आणखी फिकट. त्याने लांबूनच बघितलं आणि रकान्यात लिहिलं, सबजा. काळं होणारं शिंगरू बऱ्याचदा असंच जन्मतं आणि तीन-चार महिन्यांत ती लव झडून खाली खरा रंग निघतो, हे घोड्यात वावरणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. सबजा होणारं शिंगरू जन्मतः रंगीत असतं, बहुतेकदा चांगलं गडद. त्याच्या डोळ्यांभोवती पांढरे केस चष्म्यासारखे उगवतात आणि मग ते वर्षानुवर्षं फिकं पडत जातं. आमच्या शिंगराच्या डोळ्यांभोवती एक पांढरा केस नव्हता. मी म्हटलं, साहेब, जवळ येऊन बघा. साहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं.

मग त्याच कार्यालयातल्या दुसऱ्या टेबलाने कागद वाचला. आईबाप सबजा नाहीत, शिंगरू सबजा, सबब पितृत्व संशयास्पद! नियम बरोबर, नोंद चुकीची, आणि दोन्ही त्यांचीच. लव झडून शिंगरू कोळशासारखं काळं निघालं तेव्हा फोटो घेऊन गेलो. उत्तर मिळालं, जन्मनोंदीत खाडाखोड होत नाही. डीएनए करा म्हटलं तर घोड्याच्या मालकाची संमती आणा. तोवर घोडा राजस्थानातल्या कुणाला विकला गेलेला, नवा मालक फोन उचलेना. शेवटी बिनकागदाचं सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या घोडेबाजारात नेलं. व्यापाऱ्याने ओठ वर करून दात बघितले, भोवरे बघितले, चालवून बघितलं, खूश झाला, मग कागद मागितला. नाही म्हटल्यावर भाव सांगायला रुमालाखाली माझी जी बोटं दाबली त्या आकड्यात धड खुराकही निघाला नसता. तो राग अजून जात नाही, म्हणून एवढं लांबण लावलं.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या: घोडी लावायच्या दिवशीच दोन्ही जनावरांचे केस काढून ठेवायचे. नंतर घोडेवाला कसा वागेल याच्या भरवशावर राहायचंच नाही. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस, मुळासकट उपटलेले. कात्रीने कापलेले चालत नाहीत, कारण तपासणी मुळातून होते. कागदी पाकिटात घाला, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. शिंगराचे केस घेताना अंगाला चिकटलेले आईचे केस झटकून टाका. चाचणीत डीएनएमधल्या प्रत्येक खुणेचा एक भाग आईकडून आणि एक बापाकडून आलेला दिसावा लागतो. बापाचा नमुनाच नसेल तर निकाल अर्धा. संशयित दोन घोडे सख्खे भाऊ असतील तर तसं प्रयोगशाळेला आधी सांगा, जास्त खुणा तपासाव्या लागू शकतात.

तारखांचा वाद कुणी काढला तर फार मनावर घेऊ नका. घोडी साधारण अकरा महिन्यांनी व्याते, पण तीनशे वीस ते तीनशे पासष्ट दिवस सगळं नॉर्मलमध्ये धरतात. माज एकवीस दिवसांनी फिरतो. म्हणजे लागोपाठच्या दोन माजांना दोन वेगळे घोडे लावले असतील तर दिवस मोजून बाप ठरत नाही. तुमची घोडी मधे कुठे सुटली होती का, तेही खरं खरं आठवून बघा. राग मानू नका, पण हे विचारावंच लागतं.

जाता जाता, बाजारात नुकरा, म्हणजे जन्मजात पांढरा, म्हणून दाखवतात त्या प्रत्येक पांढऱ्याची कातडी बघा. म्हातारपणी पांढरा झालेला सबजा असेल तर नाकपुड्यांवर कातडी सहसा काळीच राहते, जन्मजात पांढऱ्याची गुलाबी असते.

तुम्ही लावलेला घोडा अजून त्याच मालकाकडे आहे का, ते आधी कळवा. असेल तर सहीवरून भांडण्याआधी चार माणसांसमोर केस मागा. दत्तजयंतीचा बाजार झाला की घोडा कुठच्या कुठे गेलेला असतो.