दुकानाची पाटी मोठी हवी, झोनिंग बोर्डापुढे काय सांगू?

प्रश्न : ताई, न्यू जर्सीत आमचं साड्यांचं दुकान आहे. स्ट्रिप मॉल रस्त्यापासून 180 फूट आत, समोर पार्किंग आणि टाउनशिपच्या अटीमुळे लावलेली झाडं. नियमात 40 चौरस फुटांची पाटी बसते, आम्हाला 80 ची हवी आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. परवाना नाकारला, म्हणून झोनिंग बोर्डाकडे, म्हणजे जागेच्या वापराचे आणि बांधकामाचे नियम पाहणाऱ्या गावाच्या मंडळाकडे, व्हेरियन्स (नियमातून सूट) मागतोय. गिऱ्हाईक रोडावलंय आणि पलीकडच्या चौकातल्या दुकानाची पाटी आमच्या दुप्पट आहे, हे सांगितलं तर ऐकतील का?
— एक वाचक

उत्तर : ऐकतील, पण त्यावर मत देणार नाहीत. मी आमच्या गावच्या झोनिंग बोर्डावर बसते. कुणाचा धंदा बसतोय हे ऐकताना जीव तुटतो. पण व्हेरियन्स मिळतो तो जागेला. उद्या तुम्ही दुकान हलवलंत तरी ती सूट त्या जागेवरच राहते, पुढच्या भाडेकऱ्यालाही. म्हणून कायदा अडचण विचारतो ती जागेची: आकार, चढउतार, तिथलं बांधकाम. पैशाची चणचण त्यात बसत नाही. दुसरी वाट म्हणजे, सूट दिल्याने लोकांचा फायदा तोट्यापेक्षा बराच जास्त होतो हे दाखवणं. दोन्ही वाटांनी गेलात तरी शेजाऱ्यांना आणि गावाच्या झोनिंगला मोठी बाधा येणार नाही हे सिद्ध करावंच लागतं.

चौकातल्या पाटीचं नाव काढू नका. तिचा झोन वेगळा असेल किंवा ती आत्ताच्या नियमाच्या आधीची असेल.

तुमचं बळ त्या 180 फुटांत आणि झाडांत आहे. त्याचा हिशोब मांडा. रस्त्यावर ताशी 40 मैलांचा वेग असेल तर गाडी सेकंदाला जवळपास 59 फूट जाते. पाटी वाचून, लेन बदलून वळायला पाच सेकंद धरले तर चालकाला ती जवळजवळ 300 फूट आधी दिसायला हवी. दुकान 180 फूट आत असल्याने तिथून पाटीपर्यंतचं तिरकं अंतर होतं साधारण 340 फूट. पाट्या बनवणारे ढोबळ मानाने 30 फुटांना एक इंच उंचीचं अक्षर धरतात, म्हणजे अक्षर हवं 12 इंचांचं. देवनागरीला थोडं जास्त, कारण मात्रा, वेलांट्या आणि उकार त्याच उंचीत बसवावे लागतात. दोन ओळी धरूनही 55 ते 60 चौरस फुटांत काम होईल असं मला वाटतं. तेवढंच मागा. “याहून कमी चालेल का?” हा प्रश्न हमखास येतो, आणि हिशोब घेऊन आलेल्या माणसाला त्याचं उत्तर देता येतं. सोबत चालकाच्या नजरेतून काढलेले फोटो आणा, झाडांना पालवी असताना काढलेले.

मराठीबद्दल मनात धास्ती ठेवू नका. पाटीवर निम्मी जागा इंग्रजी अक्षरांना द्या, असा नियम कॅलिफोर्नियातल्या पोमोना शहराने केला होता. फेडरल कोर्टाने तो 1989 मध्ये रद्द केला. बोर्डाने पाहायचं ते आकार, जागा आणि दिवे. दिव्यांचं मात्र गंभीरपणे घ्या. मागे घरं असतील तर दुकान बंद झाल्यावर पाटी विझवू, असं आपणहून सांगा. झोपायच्या खोलीत रात्रभर उजेड येणाऱ्या माणसाची तक्रार खरी असते, आणि ती बोर्डावर फार वजनाने पडते.

मॉलच्या मालकाची लेखी संमती लागेल. 200 फुटांच्या आतल्या सगळ्या मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी नोटीस जायला हवी, ती प्रसिद्धही करावी लागते. एक जरी सुटला तरी सुनावणी पुढे ढकलली जाते. दुकान कंपनीच्या नावावर असेल तर वकील न्यावाच लागेल. मंजुरी मिळाली तरी लगेच पाटीची ऑर्डर देऊ नका: निर्णय प्रसिद्ध झाल्यापासून 45 दिवस कुणीही त्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतं.