मुलगी हॉस्पिसमध्ये काम करायचं म्हणतेय

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए. करते आहे. पुढे एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या संस्थेत, काम करायचं म्हणते. डॉक्टर-नर्स असताना तिथे समाजकार्यकर्तीला काय काम? आणि कोवळ्या वयाच्या पोरीने रोज मरणच बघायचं का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, लंडनमध्ये १९६७ साली आधुनिक हॉस्पिस उभं करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजकार्यकर्ती झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. दुखणं शरीरापुरतं नसतं, त्यात पैशाची चिंता, घरच्यांची काळजी, मनातली भीती सगळं मिसळलेलं असतं, हे त्यांनी ठामपणे मांडलं. मॉर्फिनने गाठीचं दुखणं थांबतं. धाकटीच्या फीचं काय होणार, हा घोर त्याने थांबत नाही. तिथून समाजकार्यकर्तीचं काम सुरू होतं.

रुग्णाची बायको तिला व्हरांड्यात गाठून सांगते, "यांना काही बोलू नका हं, खचतील." तासाभराने नवरा म्हणतो, "मला सगळं कळलंय, पण तिला सांगू नका." दोघंही एकमेकांना जपत असतात आणि बोलायचे दिवस निघून जातात. अशा वेळी घाई न करता, रुग्णाला किती जाणून घ्यायचंय हे ओळखून, दोघांना समोरासमोर बसवावं लागतं. हे कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं. नुसता कनवाळू स्वभाव इथे पुरत नाही.

बाकी कामही डोकं लावायचंच. बँक खात्याला नॉमिनी लावला आहे का, पीएफचे कागद कुठे आहेत, शेत कोणाच्या नावावर आहे, आठ वर्षांच्या मुलाला कोण आणि कसं सांगणार? माणूस गेल्यावरही काही आठवड्यांनी त्या घरी फोन जातो, भेट होते.

आता तुमची काळजी. ती खोटी नाही. या कामात माणसं थकतात. एकटं पडलेलं माणूस लवकर थकतं. म्हणून नोकरी घेताना मुलीने दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : एका कार्यकर्तीकडे किती रुग्ण असतात, आणि रुग्ण गेल्यावर टीम एकत्र बसून बोलते का. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, तर मात्र मी वर्षभर थांबायला सांगेन.

पगाराचंही स्पष्ट सांगते. ट्रस्टच्या संस्थांत तो बेताचा असतो. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद असतं, पण जागा निघण्याची वाट पाहावी लागते. शिक्षणासाठी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था ही जुनी नावं. वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्याकडे नेणारे विषय कुठे मिळतात आणि फील्डवर्क रुग्णालयात मिळेल का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

पण अर्ज भरण्याआधी तिने हे काम जवळून बघावं. वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन हे हॉस्पिस आहे, तुम्हाला जवळ म्हणजे पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र. परीक्षा झाली की तिथे पत्र लिहून स्वयंसेवक म्हणून काही आठवडे जाता येईल का ते तिने विचारावं. परवानगी मिळाली, तर एक दिवस तुम्हीही तिच्यासोबत जा, ताई.