ओव्या रेकॉर्ड करायला १२ हजारांत कोणता रेकॉर्डर घ्यावा, की मोबाईलच पुरे?

मोबाईल पुरे नाही.

आजोळच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवायच्या आहेत, बजेट १२ हजार, इथवर तुमचा प्रश्न सरळ आहे. पण पुढे तुम्ही विचारलंय, "हल्लीचे मोबाईल एवढे भारी असताना वेगळं यंत्र घेणं म्हणजे पैसे पाण्यात नाहीत का?" हे वाचलं आणि आमचे दाजी आठवले. शब्दन् शब्द तेच बोलतात. तेव्हा उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी खरेदीचं उरकतो. या पैशांत दोनच नावं धरायची. झूम कंपनीचा एच१ इसेन्शियल आणि टास्कॅम कंपनीचा डीआर-०५एक्स. किमती सारख्या खालीवर होतात, त्या तुम्ही बघून घ्या. झूम ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे लेव्हल, आवाज किती मोठा घ्यायचा ते, आधी लावायची भानगडच नाही. कुणी एकदम वरची पट्टी लावली तरी फाईलमध्ये आवाज फाटत नाही, नंतर कॉम्प्युटरवर आवाज खाली घेता येतो. (माईकच्या अगदी तोंडाशी संबळ वाजवलंत तर मात्र माईकच गपगार होणार, तिथे कुठलाही बिट कामाला येत नाही.) टास्कॅमवर लेव्हल हाताने लावावी लागते, पण त्याचे माईक चहूबाजूंचं घेतात आणि त्याला साधे पेन्सिल सेल (एए) लागतात, जे गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. झूमला त्याहून बारीक सेल (एएए) लागतात. ज्यावर नुसतं एमपी३ होतं असे ऑफिसातल्या मीटिंगचे सोनी वगैरेंचे स्वस्त व्हॉइस रेकॉर्डर घेऊ नका. चार-सहा माईक जोडायचे मोठे रेकॉर्डर तर मुळीच नकोत, ओसरीवर तुम्ही एकटे जाणार आहात, बँड घेऊन नाही.

आता दाजींचं.

आमची आत्या भोर तालुक्यात असते. जातं अजून आहे, नाचणीपुरतं चालतं. दिवाळीनंतर सगळे जमलो होतो तेव्हा तिला गळ घातली. तिने पडवीत जातं मांडलं, खुंटा ठोकून बघितला, समोर तिची जाऊ बसली. दाजींनी नवा कोरा, माझ्या रेकॉर्डरच्या पाच-सातपट किमतीचा मोबाईल काढला आणि आत्याच्या तोंडासमोर धरला. मी माझा झूमचाच जुना रेकॉर्डर, एच१एन, छोट्या तिकाटण्यावर लावून, खाली गोधडीची चौघडी घालून, बाजूला ठेवला. गोधडी कशाला, यावरही हसून झालं. जात्याची धडधड जमिनीतून तिकाटण्यात चढते आणि रेकॉर्डिंगभर खालून ठोके ऐकू येतात, म्हणून गोधडी. हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"पहिली माझी गं ओवी" पासून सुरू झालं. रात्री दोन्ही रेकॉर्डिंगं एकाच हेडफोनवर ऐकवली. मोबाईलमध्ये आत्याचा आवाज स्वच्छ होता, अगदी बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा. जातं मात्र नव्हतं. म्हणजे होतं, पण आत्या गात असताना नाहीसं व्हायचं, ओळ संपली की एकदम उसळायचं आणि पुन्हा दबून जायचं. जाऊबाई पलीकडून ओळीचं शेपूट उचलत होत्या, त्यांचे निम्मे शब्द गिळले होते. आत्या जात्याच्या तोंडात मूठ टाकते तेव्हा आवाज बदलतो, कोरडी खरखर जाऊन भरदार घरघर येते, आणि त्या घरघरीवरच ती पुढची ओळ धरते. मोबाईलला यातलं काही कळलं नव्हतं.

यात मोबाईलचा दोष नाही, तो बोलण्यासाठी बनवलाय. सतत एकसुरी चालू असलेला आवाज म्हणजे पंखा, एसी, गाडीचं इंजिन, असं तो धरतो आणि काढून टाकतो. जातं त्याला पंखाच वाटतं. वर आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय असतेच, ती हळू ओळ मोठी करते आणि मोठी ओळ दाबते. सगळ्या ओव्या एका उंचीच्या. रेकॉर्डरला असलं शहाणपण नसतं, असलं तरी बंद करता येतं, आणि १२ हजार आपण त्याचेच द्यायचे.

दाजी हेडफोन काढून म्हणाले, "पण तुझ्यात कोंबडी ओरडतेय की." ओरडत होती. पडवीत कोंबडी असते! दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर मोबाईलवालं रेकॉर्डिंग गेलं, सगळ्यांनी हात जोडले, विषय संपला. तेव्हापासून घरात काही महाग आणलं की दाजी विचारतात, "रेकॉर्डरसारखं नाही ना?"

तर तुम्ही माझं ऐकणार असाल तर रेकॉर्डरसोबत आणखी दोन वस्तूंचे पैसे बाजूला ठेवा. एक, वारा अडवायला माईकवर चढवायची केसाळ टोपी. सोबत येणारा किंवा सुटा मिळणारा स्पंज घरात ठीक असतो, उघड्यावर वारा सुटला की त्याचा उपयोग शून्य. शेतात रोवणीची गाणी घ्यायची असतील तर केसाळ टोपीशिवाय घराबाहेर पडू नका. दोन, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, साधे चालतील. रेकॉर्डर हातात धरायचा नाही, हे हेडफोन लावले की आपोआप कळतं. या स्वस्त यंत्रांचं अंग प्लास्टिकचं, बोट हललं तरी करकर येते.

रेकॉर्डर ठेवायचा जवळ. लोक बाईच्या अंगावर येऊ नये म्हणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात आणि मग यंत्राला शिव्या देतात. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, घुमणारी खोली आणि बाहेरची एसटी तेवढीच मागे जाते. मी दोन हातांच्या आत ठेवतो, तोंड आणि जातं यांच्या मधोमध रोखून. पंखा बंद करायला सांगायला लाजू नका. खालचे सूर कापणारं लो-कटचं बटण वाऱ्यात चालू ठेवा, जात्यापाशी बंद. नाहीतर घरघरीचा तळच जाईल आणि मग मोबाईल काय वाईट होता!

सेटिंगमध्ये फाईल वेव्ह (एमपी३सारखी आवाज न दाबणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. जगभरच्या ध्वनिसंग्रहांची संघटनासुद्धा याच्या खाली उतरू नका म्हणते. तासाला साधारण एक जीबी लागतो, ३२ जीबीच्या कार्डावर तीसेक तास बसतात. झूमच्या ३२ बिटला तासाला सव्वा ते दीड जीबी धरा. टास्कॅमवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा आणि लेव्हल आपोआप कमीजास्त करणारं ऑटो बंद करा. ऑटो चालू ठेवायचं असेल तर मोबाईलच बरा, दाजी खूश होतील.

खरेदीच्या आधी एक करा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस हजारावर गावांतून लाखभर ओव्या जमवल्या, त्या २०१७ पासून 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर टप्प्याटप्प्याने येताहेत. शब्दांसोबत कित्येकींचे आवाजही आहेत. ते हेडफोन लावून ऐका. आपल्याला काय टिपायचंय ते दुकानदारापेक्षा तिथे जास्त कळेल.

थोडं मोबाईलच्या बाजूनेही लिहितो, नाहीतर कुणी तरी सुनावेलच. अँड्रॉइडवर वेव्हमध्ये रेकॉर्ड करणारी आणि आवाजावरची प्रक्रिया बंद करू देणारी अ‍ॅप्स आहेत, ती सगळ्या फोनांवर सारखी चालत नाहीत. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये लॉसलेसचा, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवण्याचा, पर्याय आहे. त्याला बाहेरून माईक जोडला तर बराच फरक पडतो. आणि आजी ८५ वर्षांची असेल, रेकॉर्डरची ऑर्डर यायला आठवडा असेल, तर थांबू नका, आहे त्या फोनवर आजच घ्या. नुसती मुलाखत किंवा आठवणी घ्यायच्या असतील तरी फोन चालेल. पहाटेच्या जंगलातले पक्षी टिपायचे असतील तर मात्र मी सांगितलेले दोन्ही रेकॉर्डर पुरणार नाहीत, शांततेत त्यांची स्वतःची सूं सूं ऐकू येते. गाण्याला ती जाणवत नाही.

रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी गाव, तारीख आणि गाणारीचं नाव स्वतःच्या तोंडाने बोला, म्हणजे फाईलचं नाव काहीही झालं तरी ते आत राहतं. कुणाकुणाला ऐकवणार तेही तिला तेव्हाच विचारून घ्या. आत्याने मला सांगितलंय, गावाबाहेर कुणालाही ऐकव, दाजींच्या ग्रुपवर नको. तिथे कुणीतरी तिला म्हणालं होतं, "आत्या, मागे मिक्सर चालू होता का?"