बंद वीज केंद्राची गॅसलाईन आणि शेतातली विहीर

प्रश्न : जालना जिल्ह्यात आमची साडेचार एकर जमीन असून तिच्यातून गॅसची पाईपलाईन गेली आहे. पट्टा वीस मीटर रुंद आहे. लाईन टाकताना मोसंबीची एकोणीस झाडे काढली, पण पंचनाम्यात अकराच लिहिली आणि तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या निवाड्यात तेवढ्यांचेच पैसे धरले आहेत. आता सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली. पाणाड्याने दाखवलेली जागा नेमकी पट्ट्यात आली आणि सहा फूट खोदल्यावर नोटीस आली. ज्या वीज केंद्रासाठी ही लाईन टाकली ते बहुतेक बंदच असते असे ऐकतो. मग विहिरीला हरकत कशाची? सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात पूर्ण गटावर लाईनची नोंद असल्याने बँकही कर्जाला खळखळ करते.

उत्तर : खोदकाम आजच थांबवावे आणि खड्डा कुंपण घालून तसाच ठेवावा. तो स्वतः बुजवायला जेसीबी बोलावू नये, कारण पट्ट्यात यंत्र चालवणे हे नवे दुखणे ठरेल.

आपल्या जमिनीची मालकी गेलेली नाही. पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांसाठी जमिनीतील वापराचा हक्क संपादन करण्याबाबतच्या १९६२ च्या केंद्रीय कायद्याखाली सरकारने घेतला आहे तो केवळ वाहिनी टाकण्याचा व राखण्याचा हक्क. पट्ट्यात सोयाबीन, तूर, कापूस, ज्वारी आपण पूर्वीप्रमाणेच घेऊ शकता. मात्र त्याच कायद्याचे कलम ९ सांगते की, कलम ६ खालची, म्हणजे हक्क घेतल्याची, घोषणा झाल्यानंतर त्या जमिनीवर इमारत बांधू नये, तळे, विहीर, जलाशय किंवा धरण करू नये, आणि झाड लावू नये. विहीर हा शब्द कायद्यातच नावाने आलेला असल्यामुळे वकिलाला तेथे अर्थ लावायला फारशी जागा उरत नाही. मनाई मोडून काम केले, तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, अर्जावरून जिल्हा न्यायाधीश चौकशी करून ते बुजवण्याचा आदेश देऊ शकतात आणि खर्च आपल्याकडून वसूल होतो.

केंद्र बंद असल्याचा मुद्दा ऐकायला सयुक्तिक वाटतो, पण टिकत नाही. अधिसूचना निघते ती गॅस वाहून नेण्यासाठी. तो कोणत्या केंद्रात जळतो यावर वापराचा हक्क अवलंबून नाही, आणि ग्राहक थांबला म्हणून हक्क शेतकऱ्याकडे परत जावा असे कलम या कायद्यात नाही. शिवाय गॅसवरचे केंद्र बंद असणे म्हणजे कायमचे संपणे नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेलचे, दाभोळ प्रकल्प म्हणून ओळखले जाणारे १,९६७ मेगावॅटचे केंद्र २००१ मध्ये बंद पडले, नव्या कंपनीकडे जाऊन २००६ मध्ये पुन्हा सुरू झाले, २०१३ च्या सुमारास देशी गॅसच्या टंचाईमुळे थांबले आणि २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी परत चालू झाले. मागणी थांबली तरी चालू जाळ्यातली वाहिनी रिकामी नसते, तिच्यात दाबाखालचा गॅस असतो. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशात नगरम येथे वीज केंद्राला गॅस नेणाऱ्या वाहिनीतून गळती होऊन स्फोट झाला आणि वीसहून अधिक माणसे गेली. तो अपघात खोदकामामुळे झाला नव्हता, पण लाईन फुटली की काय होते हे त्यातून कळावे. वाहिनीला हेतुपुरस्सर हानी पोहोचवण्याच्या गुन्ह्याची शिक्षा २०११ च्या दुरुस्तीने बरीच वाढवली आहे.

विहीर पट्ट्याबाहेर हलवता येते, परंतु तेथेही एक खाच आहे. आपल्याकडे चार-पाच हात खाली गेले की काळा पाषाण लागतो आणि तोटे लावल्याशिवाय विहीर खाली जात नाही. ज्याच्या जमिनीखालून वाहिनी गेली आहे त्याने तिला इजा होईल किंवा होण्याचा संभव असेल असे कोणतेही कृत्य करू नये, असे कलम ९ मध्येच पुढे म्हटले आहे, आणि सुरुंग पट्ट्याबाहेर उडवला म्हणून ही जबाबदारी टळत नाही. म्हणून प्रथम भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून पट्ट्याच्या हद्दी कायम करून घ्याव्यात. वाहिनी पट्ट्याच्या मधोमधच असते असे समजू नये. विहिरीचा मध्य नव्हे, तर तिचा काठ आणि बाहेर पडणारा मातीचा ढीग हद्दीपलीकडे राहिला पाहिजे. नंतर ग्रामपंचायतीमार्फत जागाबदलाचा प्रस्ताव द्यावा आणि सुरुंगापूर्वी वाहिनीच्या कार्यालयाला लेखी कळवून त्यांचे लेखी उत्तर घ्यावे. पाणाड्याचा मान राखून सांगतो, त्याचा नारळ पट्ट्यात उभा राहिला म्हणून कायदा वाकत नाही.

नोटिशीला सात-आठ ओळींचे उत्तर द्यावे : काम थांबवले आहे, वाहिनीपर्यंत खोदकाम गेलेले नाही, खड्डा वाहिनीच्या कार्यालयाच्या प्रतिनिधीसमक्ष व त्याच्या देखरेखीखाली बुजवावा. भावकीतल्या कोणाच्या सांगण्यावरून दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावू नये. सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवायच्या बाबींत त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र कलम १४ ने वगळले आहे.

आपली खरी बाजू झाडांत आहे. कलम १० प्रमाणे काढलेली झाडे व उभे पीक यांच्या नुकसानीची भरपाई मिळते, आणि तिच्या जोडीला, कलम ३ ची, म्हणजे हक्क घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली त्या दिवशीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम वापराच्या हक्कापोटी मिळते. ही दहा टक्क्यांची तरतूद तुटपुंजी वाटते, हे माझेही मत आहे. तथापि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात हा कायदा वैध ठरवला असल्याने त्या भिंतीवर डोके आपटण्यात अर्थ नाही. आठ झाडांचे मात्र भांडता येते. निवाडा मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. त्याची मुदत मोजकी असते आणि तीन आठवडे गेलेच आहेत, म्हणून याच आठवड्यात जालन्याला वकील गाठावा. निवाड्याचे पाकीट पोस्टाच्या शिक्क्यासह जपावे. झाडांची संख्या शाबीत करायला त्या वर्षीच्या पीक पाहणीची नोंद, रोपवाटिकेची पावती, ठिबकचे बिल आणि मोसंबी नेणाऱ्या व्यापाऱ्याच्या हिशेबपट्ट्या उपयोगी पडतात. ठिबकच्या बिलावर नळ्यांची लांबी असते आणि बागेतले अंतर ठाऊक असले की झाडांचा हिशेब निघतो. पंचनाम्यावर आपली सही असेल तर ती 'हरकत राखून' होती का, तेही पाहावे. पट्ट्यात नवी मोसंबी लावून संख्या वाढवण्याचा मोह नको. झाड लावायलाच मनाई आहे आणि भरपाईही मिळणार नाही.

सातबाऱ्याची नोंद तुलनेने सोपी आहे. अधिसूचनेच्या तक्त्यात आपल्या गटापुढे जेवढे क्षेत्र छापले आहे, तेवढ्यापुरतीच नोंद हवी. राजपत्राची प्रत आणि फेरफाराचा उतारा जोडून, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद (नोंद लिहिताना झालेली चूक) दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करावा आणि पोच घ्यावी. दुरुस्त उतारा मिळेपर्यंत बँकेला राजपत्राचे तेच पान दाखवावे. वापराचा हक्क किती गुंठ्यांवर आहे हे त्यावर लिहिलेले असते, बाकीचे क्षेत्र मोकळे आहे हे त्यावरूनच दिसते.