अमेरिकेतल्या साध्यासुध्या जगण्याचे जुने रंगीत फोटो आपल्याला एवढे का खेचून घेतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत आपलं ना कोणी ना काही, तरी तिथले १९४०-५० मधले पेट्रोल पंपाचे, जत्रेचे, स्वयंपाकघरातले रंगीत फोटो बघत बसलं की तास कसा जातो कळत नाही, असं का. बरेच लोक याला नॉस्टॅल्जिया म्हणून मोकळे होतात, मला ते काही पटत नाही. जे आपण जगलोच नाही त्याची आठवण कुठून येणार?

माझ्या मते खरं कारण हे की त्या काळाला रंग असतो हेच आपण विसरलेलो असतो. १९३० च्या दशकातली अमेरिकेतली महामंदी म्हटलं की फोटोग्राफर डोरोथिया लँगचा १९३६ चा तो चिंतेत बसलेल्या आईचा फोटो डोळ्यासमोर येतो, म्हणजे सगळं करडं करडं, आणि नकळत वाटत राहतं की तेव्हा माणसं चोवीस तास दुःखीच असायची. मग त्याच काळातला एक लालभडक फ्रॉक समोर येतो आणि डोकं चक्रावतं, अरे, हे तर आत्ताचं ऊन आहे!

यातला खरा खजिना म्हणजे फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन आणि नंतर ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन या सरकारी खात्यांच्या फोटोग्राफर्सनी साधारण १९३९ ते १९४४ मध्ये काढलेले रंगीत फोटो. रंगीत जेमतेम १,६०० आणि ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह सुमारे १ लाख ७० हजार, यावरून रंगीत फिल्म तेव्हा किती जपून वापरत असतील बघा. रसेल ली १९४० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनला गेला होता, तिथे टेक्सास आणि ओक्लाहोमातून आलेले शेतकरी नव्याने जमीन कसत होते. तिथल्या एका बाईचा स्वतः शिवलेली गोधडी दाखवतानाचा फोटो आहे. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तो 'गरीब शेतकऱ्याची बायको' एवढाच उरला असता, रंगात मात्र कळतं की या बाईला रंगांची चांगलीच आवड आहे आणि आपल्या कामाचा अभिमानही आहे.

माझा सगळ्यात लाडका फोटो मात्र जॅक डेलानोचा, एप्रिल १९४३, क्लिंटन, आयोवा. रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं पुसायचं काम करणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत बसल्यात, डोक्याला रुमाल, अंगात कामाचे मळके कपडे, आणि मस्त जेवण चाललंय. दुसऱ्या महायुद्धामुळे पुरुष गेले म्हणून बायका आल्या वगैरे इतिहास आपण वाचलेला असतो, पण इथे त्या इतिहासाला भूक लागलेली दिसते.

आता थोडी फिल्मची गोष्ट, कारण अर्धी जादू तिचीच आहे. हे बहुतेक कोडाक्रोम या कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मवर काढलेले, जी १९३५ मध्ये बाजारात आली, आणि गंमत म्हणजे ती शोधणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की दोघंही मुळात संगीतवाले. या फिल्ममध्ये रंग आधीपासून नसायचे, डेव्हलप करताना घालायचे, त्यामुळे प्रोसेस भयंकर किचकट, पण अंधारात नीट ठेवली तर स्लाइड दशकानुदशकं टिकते. त्या काळातल्या बाकी कित्येक रंगीत फिल्म्स आज गुलाबी पडल्यात आणि ही आपली ताजीतवानी, म्हणूनच फोटो कालपरवाचा वाटतो. पण ही फिल्म खूप स्लो होती, तिला उजेड भरपूर लागायचा, म्हणून बाहेर काढलेल्या फोटोंत लख्ख ऊन आणि आतल्यांत फ्लॅश नाहीतर लाइट्स, आणि माणसं जरा थांबून पोज दिल्यासारखी. म्हणजे 'तेव्हा सगळं किती छान प्रसन्न होतं' असं जे वाटतं ना, त्यात फिल्मच्या गरजेचा वाटा बराच आहे. विमान कारखान्यातल्या बायकांचे आल्फ्रेड पामरचे फोटो तर सरळसरळ युद्धाच्या प्रचारासाठी होते, लिपस्टिक एकदम परफेक्ट असते ती उगाच नाही.

म्हणून 'काय दिवस होते ते' अशा कमेंट दिसल्या की मला जरा चीड येते. याच संग्रहात मॅरियन पोस्ट वोलकॉटचे फोटो आहेत, मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ कापूस वेचणारे मजूर, फ्लोरिडात बेल ग्लेडला हंगामी मजुरांची राहायची जागा. आकाश तिथेही तेवढंच निळं आहे. पण ते दिवस कोणासाठी छान होते हे त्या निळ्या आकाशाकडे बघून नाही कळत, खाली कोण उभंय ते बघावं लागतं.

बघायचे असतील तर शेअर होणाऱ्या बारक्या कॉप्यांवर वेळ घालवू नका, लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर मोठ्या फाइल्स फुकट मिळतात, डाउनलोड करून झूम करा आणि मेन माणूस सोडून मागचं बघा, दुकानाच्या पाट्या, भिंतीवरचं कॅलेंडर, बुटांची अवस्था. आणि कम्प्युटरने रंगवलेले फोटो यात धरू नका प्लीज, त्यात फ्रॉकचा रंग आज कोणीतरी अंदाजाने ठरवलेला असतो.