घरी ब्रेड करणं वेळ आणि पैशाच्या हिशेबात परवडतं का?

ओव्हन नव्याने घ्यावा लागणार असेल आणि उद्देश फक्त पैसे वाचवायचा असेल, तर करू नका. मी कोल्हापुरात चार वर्षं दर रविवारी घरी ब्रेड करतेय, तरी हेच सांगेन.

५०० ग्रॅम पीठ, सव्वातीनशे मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, थोडं तेल-साखर, ६-७ ग्रॅम कोरडं यीस्ट. यातून ७०० ग्रॅमच्या पुढचा लोफ होतो. विजेसकट मला पन्नासेक रुपये पडतात. विकतच्यापेक्षा आठवड्याला ३० रुपये वाचले असं धरलं, तरी ७ हजारांचा ओटीजी (घरगुती विजेचा छोटा ओव्हन) वसूल व्हायला साडेचार वर्षं लागतात.

हाताचं काम २५ मिनिटांचं. बाकी सगळं थांबणं. एप्रिलमध्ये पीठ पाऊण तासात फुगतं, डिसेंबरात दोन तासही लागतात आणि तेवढा वेळ घर सोडता येत नाही.

मिसळीसाठी तर घरी करूच नका. आपल्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड लागतो, तो बेकरीचाच चांगला. कट पितो, तरी तुटत नाही. माझा गव्हाचा ब्रेड कटात भुगा होतो.

मी करते ते सासूबाईंसाठी. त्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलंय, आणि ब्रेडमध्ये मीठ असतं हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आता मी ६ ग्रॅमच घालते. मीठ कमी झालं की यीस्ट जोरात चालतं, म्हणून यीस्टही थोडं कमी करावं लागतं, नाहीतर लोफ वर येऊन मधे बसतो. शिवाय पीठ पूर्ण गव्हाचं. ब्राउन ब्रेडच्या पाकिटावरचे घटक एकदा वाचा, बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचं असतं आणि रंग कॅरॅमलचा. नुसत्या खपली गव्हाचा मात्र करू नका, त्याचं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) कमजोर असतं, ब्रेड दडस होतो. मी पाव भाग खपली मिसळते.

पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, म्हणून काप करून फ्रीझरमध्ये ठेवते.

ओटीजी घ्यायच्या आधी दोन-तीन लोफ दुसरीकडे भाजून बघा. दिवाळीआधी नानकटाईचं साहित्य बेकरीत नेतोच ना आपण, तसं ओळखीच्या बेकरीवाल्या काकांना विचारा. साचा मात्र घरचा न्या आणि पीठ साच्यात घातल्यावर दुसऱ्यांदा फुगायला किती वेळ लागतो ते आधी घरी एकदा मोजून ठेवा.