आधी तारखेचा रकाना भर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी थोडा रागच आला. तुझ्यावर नव्हे, तुला ज्या पेचात टाकलंय त्याच्यावर. सरकारी खरेदी आणि कामगाराची उत्पादकता हे दोन वेगळे विषय आहेत, एक धर आणि एक सोड, असं तुझे मार्गदर्शक म्हणतात. आणि तू कुठला सोडू या विचारात झुरते आहेस. अगं, सोडायचा कुठलाच नाही. दोघांना जोडणारी एक तारीख आहे, पैसे हातात पडल्याची, आणि प्रबंधासाठी तू केलेल्या अख्ख्या तक्त्यात नेमकी तीच नाही.

तक्ता मी नीट पाहिला. ई-निविदांच्या संकेतस्थळावरून मिळेल ते सगळं उतरवून घेतलंस: निविदा कधी निघाली, कधी उघडली, किती जण आले, कोणाचा दर सगळ्यात कमी, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के खाली. आणि निष्कर्ष काय, तर निविदाकार वाढले की दर उतरतात, म्हणजे सरकारचा पैसा वाचतो. कशावरून वाचतो? कार्यारंभ आदेश निघाला की तुझी माहिती संपते, आणि खरी हकीकत तिथून सुरू होते. पैसा कोणत्या तारखेला कोणाच्या हातात पडला हे कळेपर्यंत तुझा दर अर्धवट आहे.

पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतातला प्रयोग तू वाचला आहेस, पण घाईत. ओरियाना बांदिएरा, मायकेल बेस्ट, अदनान खान आणि आंद्रेआ प्रात यांचा, 2021 मध्ये छापून आलेला. 26 जिल्हे, 600 खरेदी अधिकारी. काहींना खरेदीचे जास्त अधिकार दिले, काहींना कामगिरीवर बक्षीस. नुसत्या अधिकारांनी भाव 9 टक्क्यांनी उतरले आणि मालाचा दर्जा घसरला नाही, एवढं तू टिपून घेतलंस. त्याच्या पुढचं का सोडलंस? जिथे तपासणारं लेखा कार्यालय मंजुऱ्या वर्षअखेरपर्यंत अडवून ठेवत होतं, तिथेच हा फरक जास्त पडला. म्हणजे भाव चढला होता तो खोळंब्याने. मार्चएंड काय असतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पैसे उशिरा मिळणार हे ठाऊक असलेला पुरवठादार व्याज आधीच दरात धरतो, आणि ज्याला थांबणं परवडत नाही तो निविदाच भरत नाही. मग स्पर्धा उरते ती थांबायची ऐपत कोणाची जास्त याची. तुझ्या तक्त्यात तिला कार्यक्षमता म्हटलंय.

भ्रष्टाचारावर एक प्रकरण घालू का, असं विचारलंस. घाल, पण लहान ठेव. इटलीतल्या सरकारी खरेदीवरच्या 2009 च्या अभ्यासात चार पंचमांशाहून जास्त उधळपट्टी अशी निघाली, की तिच्यातून अधिकाऱ्याच्या खिशात काहीच गेलं नव्हतं. त्यातही बांदिएरा आणि प्रात होतेच.

आता कामगाराकडे ये. ओडिशात पत्रावळी शिवणाऱ्या मजुरांवरचा अभ्यास तुझ्या संदर्भयादीत आहे, पण प्रबंधात तो कुठे दिसला नाही. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लईनाथन, सुआना ओ आणि फ्रँक शिलबाख यांनी एवढंच बदललं, की केलेल्या कामाचे पैसे काहींना थोडे आधी द्यायचे आणि काहींना नंतर. नगामागे मिळणारी मजुरी सगळ्यांना सारखीच. ज्यांना आधी मिळाले त्यांनी उधारी फेडली, घरात सामान भरलं, आणि त्यानंतर त्यांचं काम 7 टक्क्यांनी वाढलं, पत्रावळीतल्या चुकाही कमी झाल्या. ज्यांची ओढाताण जास्त होती त्यांच्यात हा फरक जास्त. दर तोच, माणूस तोच, तारीख वेगळी. आणखी कुठला पूल हवा आहे तुला?

मात्र तो अभ्यास नगावरच्या मजुरीचा आहे, तुझ्या तक्त्यातल्या कामांवरची माणसं रोजंदारीवर आहेत. रोजंदारीवाल्याला जास्त काम केल्याचे जास्त पैसे मिळत नाहीत, त्यामुळे ते 7 टक्के उचलून इथे चिकटवू नकोस. स्वतः मोज. मोजता येतं. मोजमाप पुस्तिकेत कनिष्ठ अभियंता किती चौरस मीटर पेव्हर ब्लॉक बसले ते लिहितो, हजेरीपटावर किती माणसं किती दिवस होती ते असतं. एकाला दुसऱ्याने भागलं की माणशी रोजचं काम निघतं. आणि देयक मंजूर होऊन पैसे कधी सुटले ते त्याच कार्यालयाच्या रोकडवहीत सापडतं. सरळ देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर.

पण कागद हातात आला की आधी तो डोळ्यांजवळ धर. महिनाभराचा हजेरीपट एकाच पेनाने, एकाच दमात, एकाही खाडाखोडीशिवाय भरलेला असेल, तर तो देयकासाठी बसून भरलेला आहे. कामावर रोज भरलेल्या कागदाला सिमेंट लागलेलं असतं, कुणाचा अर्धा दिवस मागाहून खोडून पूर्ण केलेला असतो. मोजमापाची तारीखही तपास. तीन टप्प्यांची मापं एकाच दिवशी चढली असतील तर ती कामाची तारीख नव्हे, अनुदान आल्याची तारीख आहे. खरा हिशेब मुकादमाच्या खिशातल्या छोट्या वहीत असतो: कोणाला किती उचल दिली, बाजाराच्या दिवशी कोणाला निम्मेच हातावर ठेवले, कोण दुसऱ्या साइटवर निघून गेला. ती वही तुला कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवता येणार नाही. तिच्यासाठी साइटवर जाऊन बसावं लागेल, आणि चहाचे पैसे तू द्यायचेस.

तुझ्या मार्गदर्शकांची एक शंका रास्त आहे. वाईट काम झालं म्हणूनही देयक अडवलेलं असू शकतं, मग उशिराने काम बिघडलं की बिघडलेल्या कामाने उशीर झाला? म्हणून एकाच कंत्राटदाराचं एकच काम घे आणि वरून अनुदान सुटण्याआधीचे व नंतरचे आठवडे ताडून बघ. अनुदान कधी सुटायचं ते तुझ्या गटारीचं काम बघून ठरत नाही. आणि विरोधी पुरावाही लपवू नकोस. अमेरिकेत 2011 पासून लहान कंत्राटदारांना सरकारचे पैसे 30 ऐवजी 15 दिवसांत मिळू लागले, त्यांच्याकडे नोकऱ्या वाढल्या. पण जिथे कामगारांची आधीच टंचाई होती तिथे ही माणसं शेजारच्या कंपन्यांकडूनच आली होती, असं बारो आणि नंदा या अभ्यासकांनी दाखवलं. हे लिहावंच लागेल. त्याने माझं म्हणणं पडत नाही. तारीख हलली की माणसं हलतात, हेच त्यातूनही दिसतं.

मी हट्टी आहे असं तुला कुणीतरी सांगितलंय, तुझ्या पत्रात ते झाकून आलंय. सांगितलं ते खरं आहे. एका समितीवर असताना अहवालाच्या मसुद्यातून देयकांच्या तारखांचा रकाना गाळला गेला. ‘तपशील फार होतोय’ असं कारण दिलं. मी त्या अहवालावर सही केली नाही. पुढे समित्यांवर बोलावणं बंद झालं, आणि बोलावणं गेलं तसे कागदही गेले. त्याची खंत आहे. हाताशी तेव्हा ज्या वह्या होत्या त्या आज कुणाकडेच नसतील. पण सही न केल्याची खंत नाही. 2006 च्या कायद्यात लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्या, असं लिहिलंय. ते व्याज कोण मागतं? पुढची निविदा त्याच टेबलावर भरायची असते. 2025 मध्ये महाराष्ट्रातले कंत्राटदार थकीत देयकांसाठी आंदोलनाला उतरले तेव्हा आकडे छापून आले ते कंत्राटदारांच्या थकबाकीचे. त्यांच्या मागे मुकादम, मुकादमामागे मजूर, त्यांची तारीख मला कुठल्याच बातमीत दिसली नाही. ती तू शोधायची आहेस. मी सही केली असती तर हे तुला आज सांगायला मला तोंड उरलं नसतं.

तेव्हा नवीन काही उतरवून घेऊ नकोस. आहेत त्यातली थोडी कामं निवड, एकाच विभागातली, आणि प्रत्येकासमोर चार तारखा लिही: काम झालं ती, मापं चढली ती, कंत्राटदाराला पैसे मिळाले ती, मजुराला मिळाले ती. शेवटचा रकाना बराच रिकामा राहील. राहू दे, अंदाजाने भरू नकोस. तक्ता तयार झाला की आधी मार्गदर्शकांना दाखव, मग मला पाठव. ते अजूनही एक विषय सोड म्हणाले तर तिथल्या तिथे वाद घालू नकोस, मला फोन कर. मी त्यांच्याशी बोलेन.

तुझी,
मॅडम